सातवा रकाना

ज्या टेबलावर लोकांच्या पोरांची मोजणी होते, तिथे किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते अर्जांबरोबरच येतात. रायपूरच्या आमच्या सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आम्ही तिघं बसतो: मुख्य लिपिक खोब्रागडे बाई, मी, आणि कॉम्प्युटरवर ठेक्यावरचा मेश्राम. फॉर्म हिंदीत असतो. सातव्या रकान्यात ‘जीवित संतानों की संख्या’, म्हणजे हयात मुलं किती. दोनपेक्षा जास्त असतील तर नव्याने पक्की नोकरी नाही.

* * *

एकदा साहेबांनी स्वतःच्या वार्षिक फॉर्ममध्ये सातव्या रकान्यात लिहिलं, ‘ईश्वर की कृपा से दो’. बाईंनी फॉर्म परत पाठवला. साहेब स्वतः खाली आले.

“क्या गलती है, मैडम?”

“सर, कृपा काट दीजिए. दो रहने दीजिए.”

साहेबांनी मुकाट्याने कृपा खोडली आणि बाजूला सही केली.

* * *

उरल्याहून एक उमेदवार आला. पहिली मुलगी, आणि आता बायकोला जुळं होणार होतं. घाबरला होता बिचारा. बाईंनी नियम काढून वाचून दाखवला: दुसऱ्या खेपेला जुळं झालं तर चालतं. गडी खूश झाला. दारापर्यंत गेला आणि वळला.

“मॅडम, आन् तिळे झाले तं?”

“तं तुले नोकरीवर याले टाइम कुठून भेटन बाप्पा?”

* * *

मेश्राम इथल्याच बीरगांवचा. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत. त्याला दोन मुली. एकदा डबे उघडल्यावर तो म्हणाला, “दीदी, पालूंगा मैं, खिलाऊंगा मैं, तो गिनती सरकार की काहे?” मीही त्याच्याच बाजूचा.

बाई म्हणाल्या, “आम्ही सात बहिणी. मी सहावी. नियम असता तं मी नसती.”

“वही तो मैं बोल रहा हूं.”

“सातवीच्या वेळी माय गेली. नियम असता तं माय राहिली असती. आता सांग, मी कोणाच्या बाजूनं बोलू?”

मग बाईंनीच मेश्रामच्या डब्यात लोणचं वाढलं.

* * *

पुढे मेश्रामला तिसरी मुलगी झाली. त्याच महिन्यात आदेश आला: ठेक्यावरच्यांना पक्कं करणार. नऊ वर्षं तो याचीच वाट पाहत होता. सगळं ऑफिस सल्ले द्यायला लागलं. भिलाईच्या साळ्याला मूल नाही, त्याला दत्तक दे, असंही कोणी म्हणालं. बाईंनी नियम काढला. “दत्तक देलं तरी तुह्यातच मोजतात.”

एक दिवस त्याची बायको बाळाला घेऊन ऑफिसात आली. बाईंनी बाळाला मांडीवर घेतलं.

“नाव काय ठेवलं?”

“नाही ठेवलं दीदी. हे म्हणतात, नाव ठेवलं तं फॉर्मात जाते.”

“फॉर्मात नाव नसते, नंबर असते,” बाई म्हणाल्या. “ठेव नाव.”

* * *

मार्चमध्ये सगळ्यांच्या फॉर्मची नोंद कॉम्प्युटरवर होते, आणि ती मेश्रामच करतो. स्वतःचा फॉर्मही त्यालाच टाइप करायचा होता, आणि त्याला पक्कं करायचं की नाही ते त्यावरूनच ठरणार होतं. यंदा शेवटी आमच्या शाखेचे तीन राहिले. बाईंचा झाला. मग माझा.

आमची एकुलती मुलगी मागच्या पावसाळ्यात डेंग्यूने गेली. मेश्राम त्या दिवशी सकाळपासून आमच्याकडे होता, बाईही होत्या. फॉर्मच्या सातव्या रकान्यात मी ‘एक’ लिहिलं होतं. खाली बाईंची तपासणीची सही होती.

मेश्रामने तो रकाना वाचला. पुन्हा वाचला. बाईंकडे पाहिलं. बाई फायलींचा गठ्ठा बांधत होत्या. त्याने ‘एक’ टाइप केलं.

मग स्वतःचा फॉर्म घेतला. सातवा रकाना त्याने कोरा ठेवला होता. बोटं कीबोर्डवर थांबली.

बाई गाठ मारता मारता म्हणाल्या, “मेश्राम, मी पाहून नाही राहिली.”

“हव दीदी,” तो म्हणाला. “पर मैं तो देख रहा हूं.”

आणि त्याने ‘तीन’ टाइप केलं.