शिशाचं वजन

गळाच्या सामानाचं दुकान भावाचं, पण काउंटर ताईचा. आई गेल्यावर या धाकट्याला तिनेच वाढवलं होतं. तो तळ्यावर निघाला की फिरकी तीच निवडून द्यायची. फिरकी म्हणजे दोरी आणि गळ यांच्यामधली इवलीशी पितळी कडी. मासा गिरक्या घ्यायला लागला की या कडीने फिरायचं, म्हणजे दोरीला पीळ पडत नाही. मोठी घेतली तर मासा बिचकतो, फार लहान घेतली तर तुटते. आणि नुसती बोटाने फिरवून घेणं म्हणजे तर शुद्ध वेडेपणा! ताई ती खिळ्याला अडकवायची, खाली शिशाचं वजन लटकवायची आणि मगच फिरवून बघायची. वाईट माल ओझ्याखाली लगेच अडायचा.

भावाचं लग्न झालं आणि वहिनी दुकानात बसू लागली. गोड बोलायची मेली. थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकं विचारू लागली, "वहिनी नाहीत का आज?" म्हणजे ताई काय तिथे शोभेला बसली होती? तिचा नुसता तिळपापड व्हायचा. एका दुपारी तिने ते वजन गुपचूप आपल्या खणात टाकलं. बघू म्हणाली, किती हुशार आहे ते.

पुढच्याच सुट्टीला भाऊ तळ्यावर निघाला आणि फिरकी मागितली ती बायकोकडे! वहिनीने एक चकचकीत फिरकी बोटाने टिचकी मारून फिरवली. काय भिरभिरली! भाऊ खूश. ही ओझ्याखाली अडणार, हे ताईला दिसत होतं. पण तिने ब्र काढला नाही.

संध्याकाळी भाऊ परतला तो दोरीचा गुंता घेऊन. पीळ पडून दोरी तुटली होती, हाताशी आलेला मोठा मासा गेला होता. आता बायकोला झापणार, म्हणून ताई कान टवकारून बसली. तर कसचं काय! दोघं शेजारी बसून गुंता सोडवत खिदळायला लागली.

"ताई, ते शिशाचं वजन कुठे गेलं गं?" भावाने मध्येच विचारलं.

ताईने फडकं उचललं आणि उगाच काउंटर पुसायला घेतला.

"माझ्याच हातून कुठेतरी पडलं असेल," वहिनी म्हणाली. खणाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. दुपारीच त्या खणातून तिने ताईला कात्री काढून दिली होती, तेव्हा वजन तिला दिसलंच असणार.

ताईच्या अंगाची लाही लाही झाली. भाऊ घेतलास, गिऱ्हाइकं घेतलीस, आता चांगुलपणातही तूच पुढे? तिने खण खेचला आणि वजन काउंटरवर दाणकन आपटलं.

"मी लपवलं होतं," ती म्हणाली. भाऊ बघतच राहिला. त्याच्याकडे न बघता तिने वजन वहिनीपुढे सरकवलं. "बघतेस काय? उचल. आधी ओझं लावायचं, मग फिरवायचं."