मालकाचा रकाना

जनावरांच्या दवाखान्यातल्या केसपेपरवर मालकाच्या नावाचा रकाना असतो. पहिल्या कुत्रीच्या वेळी मी तिथं आडवी रेघ मारली. उसाच्या ट्रॉलीखाली तिचा मागचा पाय गेला होता. पलूस रस्त्याच्या कडेला ती पडली होती आणि मी तिला फक्त घेऊन आले होते. सांगलीतल्या एका दैनिकाच्या डेस्कवर बावीस वर्षं काढलेल्या माणसाची ती सवय होती. बातमीत 'मी' येत नाही.

तिला ठेवायला जागा हवी होती. शेजारच्या निवृत्त सुभेदारांनी त्यांचं बंद पडलेलं गुऱ्हाळ उघडून दिलं. गावात खानावळ चालवणाऱ्या बाई उरलेल्या भाकरी पाठवू लागल्या. नंतर त्या स्वतःच येऊन औषधाच्या गोळ्या भाकरीत दडवून चारू लागल्या. पगार कुणालाच नव्हता. फलक लावला नाही, उद्घाटन केलं नाही. वर्षभरात तिथं अकरा कुत्री झाली आणि अकराही केसपेपरवर आडवी रेघ.

मग ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय आला : 'बेवारस कुत्र्यांचा बंदोबस्त करणेबाबत'. बंदोबस्त म्हणजे टेम्पोत भरून दुसऱ्या तालुक्याच्या हद्दीत सोडून येणं. असे मथळे मी स्वतः कित्येकदा दिले आहेत. तीन पायांची कुत्री अनोळखी गावात चार दिवस टिकली नसती.

तक्रार एका दूधवाल्याची होती. कुत्रं मागं लागलं, कॅनसकट मोटारसायकल घसरली, गुडघा फुटला. तक्रार खोटी नव्हती. ते कुत्रं आमच्यातलं नव्हतं, पण हे सिद्ध करता येत नव्हतं.

सभेत मी नियम वाचून दाखवला : नसबंदी केलेलं कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं असतं.

"ताई, नियम पेपरात छापा," दूधवाला म्हणाला. "हितं गुडघा माझा फुटलाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "सुभेदारांनी कुत्र्यांची पलटण उभी केलीया!"

हशा झाला. सुभेदार जागचे हलले नाहीत. "तुज्यापेक्षा शिस्तीत हाय ती पलटण," एवढंच म्हणाले.

सरपंचांनी या ठरावाविरुद्ध मी दिलेला अर्ज वर धरला. उपचार आणि नसबंदी झाल्याचा पुरावा म्हणून केसपेपरच्या प्रती मीच त्याला जोडल्या होत्या.

"आवं ताई, एकच सांगा. ही कुत्री कुनाची? तुमच्याच कागदावर मालकाचं नाव न्हाई. म्हंजे बेवारस. बेवारस म्हनल्यावर ठराव लागू."

चूक माझी होती. आता नाव दिलं तर पुढच्या प्रत्येक चाव्याची जबाबदारी माझ्यावर येणार होती. हे सरपंचांना माहीत होतं, मलाही.

"माझी," मी म्हणाले.

"समदी?"

"अकराही. लिहून घ्या."

"मंग सात-बारा काढा की कुत्र्यांचा!" मागचा आवाज पुन्हा आला.

खानावळीच्या बाई उठल्या. "काढा. आन् इतर हक्कात माझं नाव घाला."

"जागा माझी हाय," सुभेदार म्हणाले. "माझंबी लिव्हा."

दूधवाला उभाच होता. "आन् ह्या गुडघ्याचा मालक कोन?"

"गुडघा तुमचाच. पट्टी बदलायला दवाखान्यात मी नेईन."

"कुत्र्यांच्या गाडीतनं?"

"दुसरी गाडी नाही माझ्याकडं."

"लय हट्टी हायसा," तो म्हणाला आणि खाली बसला.

मी ग्रामसेवकांच्या वहीत गुऱ्हाळातल्या कुत्र्यांपुढं लिहिलेल्या 'बेवारस' या शब्दावर बोट ठेवलं. ते म्हणाले, हा सरकारी दप्तराचा शब्द आहे. मी म्हणाले, शब्द बरोबर आहे, माहिती चूक आहे. तीन मालक समोर उभे आहेत. ग्रामसेवकांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंच घड्याळ पाहत होते. ग्रामसेवकांनी शब्द खोडला आणि ठराव गुऱ्हाळातल्या कुत्र्यांना लागू होईना. टेम्पो आला नाही.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला पुढच्या सीटवर आणि तीन पायांच्या कुत्रीला मागं बसवून निघाले. त्याची पट्टी आधी झाली. मग जनावरांच्या दवाखान्यात नवा केसपेपर पुढं आला. मालकाच्या रकान्यात तीन पूर्ण नावं मावेनात. डॉक्टर म्हणाले, एकच लिहा, चालेल.

मी उरलेली दोन समासात लिहिली.