गोलात बसलेला भाऊ

मनोरुग्णालयाच्या बंद वॉर्डात माझ्या धाकट्या भावाला, सुहासला, भेटायला गेले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "थोडं थांबा, आजार समजावून सांगायचा तास चाललाय." मी जाळीच्या दारापाशी उभी राहिले. आत रुग्ण गोल करून बसले होते. समुपदेशक बाईंनी विचारलं, "त्रास पुन्हा सुरू होणार, हे आधी कशावरून कळतं?"

"माझी झोप उडते," सुहास शांतपणे म्हणाला. "मग घरात कुणी हळू बोललं, की माझ्याविरुद्धच बोलतायत असं वाटतं."

"माझंही अगदी तसंच," शेजारचे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ म्हणाले, आणि सुहास चक्क हसला.

त्या अनोळखी माणसाचा मला फार हेवा वाटला. इतकी वर्षं घरी मी सुहासच्या लावलेल्या दाराबाहेर ताट घेऊन उभी राहत होते, काय होतंय ते विचारत होते. मला त्यातला एक शब्दही मिळाला नव्हता. आपलं माणूस बरं व्हावं असं आपण म्हणतो, पण ते आपल्याच हातून बरं व्हावं, ही इच्छा किती गुपचूप त्या म्हणण्याला चिकटून असते.

भेटल्यावर मी विचारलंच, "हे मला कधी का नाही सांगितलंस?"

"तू घाबरतेस, ताई. मग मला तुलाच सांभाळावं लागतं."

आजवर मला वाटत होतं, सांभाळणारी मी आहे.