विंगेतला बाप

माझ्या मुलीच्या नाटकात मला दोनच कामं होती. पडदा ओढायचा आणि गप्प बसायचं. त्यातलं पडद्याचं काम मी सुरुवातीला तरी बरं केलं.

गप्प बसणं हा माझा प्रांत नव्हे, हे भंडारा जिल्ह्यात अड्याळच्या आसपास कोणालाही विचारा. आमच्याकडे धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते आणि मंडईला नाटक असतंच. नट आयत्या वेळी येतात (पाठांतराला सवड आहे कोणाला?), म्हणून रंगमंचापुढे बसलेला प्रॉम्प्टर प्रत्येक वाक्य आधी वाचतो आणि मग नट ते म्हणतो. आमच्या गावचा तो प्रॉम्प्टर म्हणजे मी. राजापासून चोरापर्यंत सगळ्यांना मीच बोलतं केलंय. एकदा तर नायिकेला ‘आता मर’ असंही मीच सांगितलं होतं, नाहीतर ती आणखी एक गाणं म्हणण्याच्या बेतात होती.

प्राची, माझी मुलगी, नववीत आहे. मागच्या वर्षी भंडाऱ्याच्या आंतरशालेय स्पर्धेत तिच्या शाळेची एकांकिका पहिल्याच फेरीत बाद झाली, आणि ही पोरगी एसटीत भंडाऱ्यापासून घरापर्यंत रडत आली होती. यंदा तिला मुख्य काम मिळालं होतं. घरात एका मुलीच्या शिक्षणाबद्दल सगळे बोलतात, फक्त तिलाच कोणी विचारत नाही, असं काहीतरी नाटक होतं. शाळा सुटल्यावर तालमी चालायच्या. पहिल्या दिवशी मीही गेलो आणि पोरांना छातीवर हात ठेवून, लोकांकडे तोंड करून मोठ्याने बोलायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी नाटक बसवणाऱ्या लांजेवार मॅडमनी मला फाटकातच गाठलं.

“भाऊ, तुमी घरीच थांबा. मी पाहून घेतो.”

मी थांबलो. पण तोवर नाटकाची झेरॉक्स काढून झाली होती.

स्पर्धेच्या दिवशी शाळेचा शिपाई तापाने पडला आणि पडदा ओढायला माणूस उरला नाही. मॅडमनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि नाइलाजाने माझ्याकडे पाहिलं. प्राचीने मला विंगेत बाजूला घेतलं.

“बाबा, आतून एक शब्द जरी आयकू आला न, तर आमचे मार्क कटतात. तुमी बोलू नोका.”

“मी कायले बोलू?”

“तुमी टीव्हीवरल्या लोकांलेबी डायलॉग सांगता.”

प्रेक्षकांत बसायला निघालेली माझी बायको जाता जाता म्हणाली, “अजी, तोंडात सुपारी धरून ठेवा.” मी धरली.

नाटक छान सुरू झालं. आमच्या गावाहून टेम्पो भरून माणसं आली होती, ती पुढेच बसली होती. मी दोरी धरून उभा होतो आणि झेरॉक्सवर बोट ठेवून मनातल्या मनात वाचत होतो. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मला माझा फार अभिमान वाटत होता.

मग शेवटचा प्रसंग आला. नाटकातल्या बापाने विचारलं, “तुझं काय म्हणणं आहे?” पुढचं वाक्य प्राचीचं होतं. माझं बोट त्यावर होतं: ‘मला पुढे शिकायचंय.’

प्राची बोलली नाही.

ती नुसती बापाकडे बघत राहिली. मागच्या वर्षीची एसटी डोळ्यांपुढे उभी राहिली. मी सुपारी थुंकली आणि अगदी हळू म्हणालो, “मला पुढे शिकायचंय.”

ती हललीसुद्धा नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून मी जरा मोठ्याने म्हणालो. तरी नाही. मग माझ्यातला मंडईचा प्रॉम्प्टर जागा झाला आणि विंग हादरेल अशा आवाजात मी म्हणालो, “मला पुढे शिकायचंय, बाबा!”

हे मागच्या रांगेतल्या परीक्षकांनाही ऐकू गेलं. पुढे बसलेल्या आमच्या गावकऱ्यांना तर राहवेना. एक म्हातारी म्हणाली, “बोल न बाई, तुहा बाप केवाचा सांगून रायला.” दुसऱ्याने प्राचीला वाक्य आणखी सोपं करून सांगितलं. मॅडमनी समोरच्या विंगेत कपाळाला हात लावला. आता पोरीची अब्रू वाचवायची तर एकच उपाय होता. मी पडदा ओढायला घेतला.

पडदा अर्ध्यावर आला आणि प्राची गर्रकन माझ्याकडे वळली.

“बाबा, पडदा पाडू नोका. मले बोलाचं आहे.”

माझ्या हातून दोरी सुटली. ती पुन्हा लोकांकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, “मला पहिल्यांदाच कोणी विचारलं. म्हणून उत्तर द्यायला वेळ लागला.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ती शांतता आणि हे उत्तर मॅडमनी तालमीत मुद्दाम घातलं होतं, हे मला तेव्हा कळलं. माझ्या झेरॉक्समध्ये ते कुठून असणार? मी उरलेला पडदा ओढला आणि त्याच्याच मागे लपून बसलो. बायको शोधत आली आणि तिने एवढंच विचारलं, “अजी, सुपारी कुठी गेली?”

निकाल सांगायला परीक्षक उठले. “या नाटकातला सर्वांत जिवंत वाटलेला माणूस रंगमंचावर आलाच नाही,” ते म्हणाले. “मुलीला विचारलं तरी उत्तर आपणच देणारा, शेवटी तिच्यावर पडदाच पाडायला निघालेला तो विंगेतला बाप! काय कल्पना आहे! कोणी केलं हे काम?”

प्राची उभी राहिली. “माहे बाबा आहेत, सर. त्यांले शिकवावं नाही लागलं.”

सभागृह हसलं. बायको सगळ्यांत जास्त हसली. नाटक नागपूरच्या फेरीसाठी निवडलं गेलं आणि परतीच्या एसटीत प्राची माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. एवढं सुख मला मंडईच्या कुठल्याही नाटकाने दिलं नव्हतं.

आता मॅडमच्या आग्रहाने मीही तालमींना जातो. विंगेतल्या बापाचं काम रीतसर नाटकात लिहून घेतलंय. माझं एकच वाक्य आहे, तीनदा म्हणायचं. पण वेळ आली की माझं डोकं साफ रिकामं होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत राहतात. शेवटी प्राचीच तोंड न हलवता हळूच सांगते, “मला पुढे शिकायचंय.”