डोंगा काढला त्या वर्षी

संध्याकाळी घरी आलो की बायको काहीतरी विचारायची आणि मी म्हणायचो, "काय?" ती पुन्हा विचारायची. मी पुन्हा, "काय?" तिसऱ्यांदा ती हात झटकून चुलीकडे वळायची. अशी दोन-तीन वर्षं गेली. मग तिने विचारणंच सोडलं. मला त्याचं फार वाईट वाटलं, असं म्हणणं खोटं ठरेल. मला फक्त आडवं व्हायचं असायचं.

ही गोष्ट साठ-पासष्टच्या सुमाराची, बालाघाटची. मी मँगनीजच्या एका कचेरीत नमुने गोळा करण्याच्या कामावर होतो. खाणीवर दगडांचे ढीग रचलेले असत. प्रत्येक ढिगातून मूठ-मूठ माल उचलायचा, कापडी पिशवीत भरायचा, पिशवीला चिठ्ठी बांधायची आणि संध्याकाळपर्यंत बालाघाटच्या प्रयोगशाळेत आणून टाकायची. आठवड्यातले चार दिवस तिरोडी. वारासिवनी, कटंगी, तिरोडी आणि त्याच खड्ड्यांतून परत.

माझ्याकडे लढाईतून उरलेली एक जर्मन मोटरसायकल होती. एका खाणीचा गोरा मॅनेजर देश सोडून चालला, तेव्हा त्याच्याकडून घेतलेली. इंजिनाचे दोन सिलिंडर गड्ड्यांसारखे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, आणि डाव्या अंगाला साइडकार. बायको त्या साइडकारला डोंगा म्हणायची, कारण तिचं तोंड वैनगंगेतल्या डोंग्यासारखं, लाकडी नावेसारखं, पुढे निमुळतं होत गेलेलं होतं. मग आम्हीही डोंगाच म्हणू लागलो.

गाडी साइडकार ओढण्यासाठीच बनवलेली होती. ओढायला जोर लागतो, म्हणून तिच्या मागच्या चाकाजवळचे दाते जोराचे होते, वेगाचे नव्हते. तीस मैलांपर्यंत ठीक. चाळीसला गेली की इंजिन किंचाळायला लागायचं. पिठाची गिरणी मांडीत घेऊन बसल्यासारखं वाटायचं. तीस मैलांनी जावं तर प्रयोगशाळा बंद व्हायच्या आत पोचत नसे आणि साहेब तोंड सोडायचा. म्हणून चाळीसने जायचो. घरी येईतो दोन्ही हात कोपरापर्यंत बधिर, कानात घूं घूं, आणि चहाची कपबशी धरली की ती वाजायची. बायको माझ्या हातातून बशी काढून घ्यायची आणि नुसता कप द्यायची.

आता डोंगा काहून लागत होता, ते सांगतो. लग्नानंतर चार वर्षांनी बायको विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली. हाड बसवणाऱ्याने हाड बसवलं, पण गुडघा कायमचा आखडला. डावा पाय सरळ तो सरळच. बैलगाडीत चढता येईना, छोट्या रेल्वेच्या उंच पायऱ्या जमेनात, मोटरसायकलवर मागे बसणं तर सोडाच. डोंग्यात मात्र पाय लांब सोडून बसता येई. तो निमुळता भाग जणू तिच्या पायाचं माप घेऊन केला होता. एरवी ती आमच्या वॉर्डातून बाहेर पडतच नसे. वर्षातून एकदा, दसऱ्याला, मी तिला डोंग्यात बसवून नागपूरला नेत असे. लालबर्रा, सिवनी, कुरईचा घाट आणि खाली नागपूर. छप्पन साली आम्ही दोघांनी तिथेच दीक्षा घेतली होती, तेव्हा तिचे दोन्ही पाय धड होते. त्यानंतर एक साल तिने चुकवलं नव्हतं. मैदानात सतरंजी टाकून बसली की चांद्यापासून अमरावतीपर्यंतच्या बायका घटकाभरात तिच्या मैत्रिणी होत. गल्लीत ती लंगडी होती. तिथे सगळ्याच बसलेल्या असत, त्यामुळे कुणाला कळतही नसे.

तर त्या वर्षी उन्हाळ्यात माझी सहनशक्ती संपली. मी मिस्त्रीकडे गेलो. तो मूळचा जबलपूरचा, लष्करी भंगारातल्या गाड्यांवर हात बसलेला. त्याला म्हटलं, इंजिनाचं ओरडणं थांबव, काहीही कर. तो म्हणाला, "चेनवाली गाडी होती, तो आधे घंटे में कर देता, बाबूजी. ये दांडेवाली है."

माझ्या गाडीला चेन नव्हती. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत लोखंडी दांडा जायचा. दांड्याच्या टोकाला सात दात्यांचं छोटं चाक आणि त्याच्याशी भिडलेलं बत्तीस दात्यांचं मोठं. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला दांड्याला साडेचार फेऱ्या माराव्या लागत. ज्यांना साइडकार नसते, त्यांच्यासाठी नऊ आणि पस्तीसची जोडी येते. तिला चारसुद्धा पुऱ्या लागत नाहीत. तेवढ्याच वेगाला इंजिन आरामात. ती जोडी मिस्त्रीने जबलपूरच्या भंगारातून महिन्याभरात मिळवली. मग ती दोन्ही चाकं माझ्यासमोर ठेवून त्याने मला ते सांगितलं, जे मला आधीपासून कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

"ये लगेगी, तो डब्बा निकालना पड़ेगा. डब्बा लेके कुरई घाट चढ़ोगे, तो क्लच जल जाएगा."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे अर्धंच सांगितलं. म्हटलं, "डोंगा काढावा लागते काही दिवस."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. म्हणाली, "काढा. मंग दसऱ्याले?"

"दसऱ्याले पाहू."

"हौ," ती म्हणाली. काही दिवस म्हणजे किती, हे तिने विचारलं नाही. मी थकलेलो होतो, आणि थकलेल्या माणसाला जेवढं सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

काम तीन रविवार चाललं. ही चाकं नुसती बसवून भागत नाही. दाते एकमेकांवर बरोबर मध्यभागी टेकतात की नाही ते पाहावं लागतं. त्यासाठी मिस्त्री तेलात शेंदूर कालवायचा, दात्यांना लावायचा, चाक हाताने फिरवायचा, पुन्हा उघडून शेंदूर कुठे पुसला गेला ते पाहायचा. टोकाला पुसला की पातळ पत्र्याची चकती घालायची, बुडाशी पुसला की काढायची. मी हाताखाली होतो. पहिल्या रविवारी घरी गेलो, तर बायकोने दारातच अडवलं. माझी दहाही बोटं शेंदरी होती.

"अजी, हे कोणत्या देवाले लावून आले? आपण सोडलं ना हे सारं?"

"मोटरसायकलले लावलं."

"मंग तिलेच नवस करा," ती म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी मी तिचं बोलणं पहिल्या झटक्यात ऐकलं होतं, कारण त्या दिवशी मी गाडी चालवली नव्हती.

तिसऱ्या रविवारी डोंग्याचे चार बोल्ट निघाले. हातगाडीवर घालून तो घरी आणला आणि अंगणात चिंचेखाली टेकवून ठेवला.

नव्या जोडीवर पहिल्यांदा तिरोडीला गेलो, तो दिवस मला अजून आठवतो. इंजिन गुरगुरत होतं, बस्स. वाऱ्याचा आवाज येत होता. कटंगीजवळ एका गुराख्याने गाईला दिलेली शिवी मला चालत्या गाडीवर ऐकू आली आणि मी हसलो. काटा पस्तीस दाखवत होता आणि तरी मी जुन्या चाळीसच्या वेळातच पोचलो. मला वाटलं घड्याळच बिघडलं. मग मिस्त्रीने सांगितलं, की काट्याला नव्या जोडीचा पत्ताच नाही, तो जुन्या हिशेबाने पस्तीस म्हणतो, तुम्ही चाळीसच्या वर असता. साहेबाच्या तोंडावर मी पिशव्या वेळेआधी टाकू लागलो. हात शाबूत. पंधरा दिवसांत कानातली घूं घूंही गेली.

आणि घरातले आवाज ऐकू येऊ लागले. सगळ्यांत आधी ऐकू आला तो बायकोच्या पायाचा. चुलीपासून माठापर्यंत, माठापासून दारापर्यंत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर घासत जाणारा. एक पाऊल पडायचं आणि एक ओढलं जायचं. इतकी वर्षं ती त्याच घरात तशीच चालत होती आणि मला ठाऊकच नव्हतं. मी खाटेवर पडून ते ऐकायचो. मला ते ऐकवत नसे. पण तिला तसं कसं सांगणार?

एकदा दुपारीच घरी आलो, तर बायको अंगणातल्या डोंग्यात बसलेली. पाय लांब सोडलेला, मांडीवर सूप, तांदूळ निवडत होती. शेजारची बाई कुंपणावर हात टेकून तिच्याशी बोलत होती. माझं डोकं फिरलं.

"घरात जागा नाही का बसाले? लोक हसतीन."

"कोण हसून राह्यलं?" ती म्हणाली. "इथं पाय सुखानं ठेवता येते म्हणून बसते. तुमाले काहून राग येते?"

राग काहून येत होता ते मला चांगलं कळत होतं. म्हणून तर मी जास्त ओरडलो. ती सूप घेऊन आत गेली. त्यानंतर मी घरी असताना ती डोंग्यात कधी बसली नाही.

दसरा जवळ आला. वॉर्डातले लोक गोंदियावरून रेल्वेने निघायचे, डब्यात पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. मी म्हटलं, "यंदा दोघंबी राहू घरीच."

"तुमी जा," ती म्हणाली. "घरातून एक तरी गेलं पाह्यजे. माह्या नावानं एक मेणबत्ती लावजा."

मी नाही नाही म्हणत गेलो. हे नाही नाही किती खरं होतं, ते मला लालबर्ऱ्याच्या पुढेच कळलं. रस्ता मोकळा, ऊन कोवळं, गाडी हलकी. डाव्या बाजूचं ओझं नाही, त्यामुळे वळणावर गाडी आपसूक झुकायची. कुरईचा घाट मी एकदाही न थांबता उतरलो. दर साली तिथे तापलेले ब्रेक थंड करायला अर्धा तास थांबावं लागे आणि बायको झाडाखाली बसून फुटाणे खायची. मी त्या झाडापाशी गाडी हळू केली आणि पुढे निघून गेलो.

नागपूरला मेणबत्ती लावली. एका गायन पार्टीसमोर बराच वेळ बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो आणि दिवेलागणीच्या आधी घरी पोचलो. बायको दारातच उभी होती. तांब्या हातात दिला. मी हातपाय धुतले, खाटेवर बसलो आणि माझं तोंड पाडलं.

"काही मजा नव्हती," मी म्हटलं. "गर्दी, धूळ. तुह्याबिगर उगाच गेलो असं झालं. कधी घरी येतो असं होऊन गेलतं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "असं काहून बोलता? नाल्यापासून तुमी गाणं म्हणत येऊन राह्यलते. साऱ्या गल्लीनं आयकलं."

मी रिकामा तांब्या खाटेखाली सरकवला.

"पहिले गाडी आयकू ये, आता तुमी आयकू येता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच कठीण होतं. "बारा वर्सं झाली, तुमी माह्यासमोर गाणं म्हटलं नाही. मले वाटे, थकून गेले बिचारे. मलेबी जाचं होतं जी. पायापाशी मन मारून बसले मी, आन् तुमी गात आले."

आणि ती रडली. मी तिला रडताना पाहिलं होतं, पण ऐकलं नव्हतं.

मी मोटरसायकल धुण्याच्या निमित्ताने बाहेर आलो. गाडी धुतली नाही. तिच्यावर नुसता हात ठेवून उभा राहिलो. तेलाचा एक थेंबही कुठे गळत नव्हता, मिस्त्रीने काम चोख केलं होतं.

दोन दिवसांनी मी जुनी सात-बत्तीसची जोडी फडक्यात बांधून मिस्त्रीकडे गेलो. त्याला वाटलं, नव्या जोडीत काही बिघडलं. मी म्हटलं, काही बिघडलं नाही, काढून टाक, डोंगा परत लावायचा आहे. तो म्हणाला, बाबूजी, फिर वही चिल्लाना, फिर वही हाथ. मी म्हटलं, हौ. त्याने पाना उचलला. हात पुन्हा बधिर होणार, कान पुन्हा जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मला ते नको होतं. बायकोसाठी मी हे हसत केलं, असं लोक अजून सांगतात. हसत केलं नाही. पहिला बोल्ट सुटला, तेव्हा ओठांवर आलं होतं की थांब, राहू दे. ते मी गिळलं, एवढंच मी तिच्यासाठी केलं.