दिवा हिरवा होईपर्यंत

फोन आला तेव्हा कोन गावातल्या माझ्या घरी गच्चीवर मी पापड वाळत घालत होते. शुक्रवार, कापडगिरण्यांच्या सुट्टीचा वार, त्यामुळे शेजारचे लूम बंद आणि सगळीकडे शांत. फोन महेशचा होता, माझ्या पुतण्याचा. "काकी, आई गेली. जेवून आडवी झाली ती उठलीच नाही..." सांगायला विचित्र वाटतं, पण माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते एवढंच, की आज शुक्रवार, मग स्कूटर चार्जिंगला कुणी लावली?

महेशची आई म्हणजे माझी थोरली जाऊ. सगळे तिला बाय म्हणत, मीही. टेमघरच्या घरात तिने मोठा संसार ओढला, पण तिला स्वतःला कुठे जायचं असलं की उत्तर ठरलेलं असे, "उद्या नेतो." आधी भावोजी म्हणत, ते गेल्यावर महेश म्हणू लागला. माणसं वाईट नव्हती, त्यांचा उद्याच उजाडत नसे. वज्रेश्वरीला नेलं तरी देवीला हात जोडतो न जोडतो तोच "आटप, आटप" सुरू. गरम कुंडाच्या पाण्यात पाय सोडून निवांत बसायचं, एवढीच तिची हौस, आणि ती कधी पुरी होईना.

विजेच्या स्कूटरी नव्याने आल्या तेव्हा महेशने एक हौसेने घेतली. बॅटऱ्या उतरल्या तशी हौसही उतरली, आणि गाडी पडवीत गोणपाटाखाली गेली. बायने एक दिवस गोणपाट काढलं. लायसन लागत नाही, आवाज करत नाही, सायकलीएवढीच पळते. तिला आणखी काय हवं होतं? पन्नाशी उलटलेली बाई नऊवारी सावरत अंगणात चकरा मारू लागली. कुंपणाची जास्वंद दोनदा आडवी झाली, बाय एकदा. आम्ही हसलो, तर म्हणाली, "हसा. पायी तुमीच चालाल."

पण गाडी नाक्यापर्यंत जाऊन मान टाकायची. आम्ही दोघींनी ढकलत ती मिस्त्रीकडे नेली. तो म्हणाला, "अम्मा, ये कबाड है, बेच दो." बाय तिच्या हिंदीत म्हणाली, "बैल बुढा हुआ है, गाडी नहीं. बैल बदल." त्याने नव्या, थोराड बॅटऱ्या आणल्या, त्या सीटखाली मावेनात, म्हणून मागे लोखंडी पेटी जोडून घेतली. ब्रेक, टायर, माझ्यासाठी मऊ गादी, सगळं नवं झालं. शेवटी बायने माळ्यावरची बैलांची घुंगरमाळ काढून हँडलला बांधली. गाडी मुकी, वाटेत गुरंपोरं असतात, त्यांना कळायला नको? चार्जरचा लाल दिवा हिरवा झाला की म्हणायची, "जेवला गो बैल." शुक्रवारी लूम बंद म्हणून विजेला जोर असतो, असा तिचा सिद्धांत होता. खरा-खोटा मिस्त्रीच जाणे.

मग आम्ही वज्रेश्वरीला निघालो. एका दमात गाडी पोचणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पण तिचे वडील जत्रेला बैलगाडी न्यायचे, तेव्हा अर्ध्या वाटेवरच्या नातेवाइकांकडे बैल सोडायचे; पाणी, वैरण, माणसांचं जेवण, मग पुढे. बायने तोच बेत धरला. वाटेत तिची मावसबहीण गंगू राहायची. चढ आला की मी उतरायची, बाय पुढे जाऊन माझी वाट बघायची. गंगूच्या दारात घुंगरं वाजली आणि ती आश्चर्याने बाहेर आली. बाय म्हणाली, "बैलाना पानी दाव, गंगू." चार्जर लावला, तर लोडशेडिंग!

मी कपाळाला हात लावला. "आता गो?"

"आता काय? बैल दमला की बसाचा," असं म्हणून बाय गंगूसोबत वाल सोलायला बसली. वीज बाराच्या सुमारास आली. तोवर दोघी बहिणींनी लहानपणापासूनचं सगळं बोलून काढलं. किती वर्षांनी भेटत होत्या त्या... हिरवा दिवा लागला तेव्हा उठायला सगळ्यात जास्त जिवावर आलं ते बायच्याच. तरी ऊन असतानाच आम्ही पोचलो. देवीची ओटी भरली आणि कुंडाच्या कडेला बाय पाय सोडून बसली. मी सवयीने म्हटलं, "बाय, निघायचं का?" ती म्हणाली, "कोन बोलावतंय आपल्याला?" तिचा तो चेहरा मला फार आवडला. परतताना गंगूकडेच मुक्काम केला. पुढे हा आमचा परिपाठच झाला, आणि सपाट रस्ता आला की बाय हँडल माझ्या हाती देऊ लागली.

बाराव्यानंतरच्या शुक्रवारी मी टेमघरला गेले. स्कूटर पडवीतच होती, वर पुन्हा गोणपाट. बॅटऱ्या नुसत्या ठेवल्या तर मरतात, हे बायनेच शिकवलेलं. मी गोणपाट काढलं, चार्जर लावला, लाल दिवा लागला आणि मग मात्र रडू आवरेना. महेश बाहेर आला. त्याचेही डोळे सुजलेले होते. जवळ बसून हळूच म्हणाला, "काकी, आता कोण बसणार हिच्यावर? तुला वज्रेश्वरीला जायचं असलं तर सांग. उद्या नेतो."

पोर मनापासून बोलत होतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"नको," म्हटलं. "बैल जेवतोय. त्याचं होऊ दे."