गाव घराबाहेर असताना

कुडाळला गाडीतून उतरले तेव्हा पिशवीत प्रश्नावली होती आणि डोक्यात सहासष्टाव्या वर्षी विद्यार्थिनी झाल्याचा माज. उच्च शिक्षणाचं प्रशासन आणि धोरण हा माझा एम.ए.चा विषय; प्रबंध मुली कॉलेज अर्ध्यावर का सोडतात यावर.

तरुणपणी मी साताऱ्याकडच्या एका कॉलेजात खिडकीत बसून अर्ज घेत असे. 'घेत' म्हणायचं आपलं, परत करण्यातच हयात गेली. पातळ इस्त्रीचं, डोकं त्याहून कडक. पाचच्या ठोक्याला खिडकी लावताना या बाईसाहेबांना वाटे, आपण किल्लाच राखला!

मालवणच्या अलीकडे रिक्षा वळली. माडांमधून समुद्र दिसला, लपला. एकदा कॉलेज सोडून परत आलेल्या प्रणाली नावाच्या मुलीची मुलाखत ठरली होती; पण गावात शिरायच्या आधीच रिक्षावाल्याने ब्रेक दाबला. पुढची सगळी दारं बंद. कोंबडासुद्धा ओरडेना.

"आजये, गावपळण आसा! तुमका कोणी सांगूक नाय?"

गावपळण म्हणजे देवाचा कौल मिळाला की अख्खं गाव, गुराढोरांसकट, तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. रिक्षावाल्याने व्हाळापलीकडे (ओढ्यापलीकडे) नेलं; लोक तिथे झावळ्यांच्या खोपटांत होते. प्रणालीच्या आईने पेज आणि भाजलेला सुका बांगडा पुढे केला. मी ताव मारला, प्रश्नावली उघडली. मुलीचं लक्ष मात्र मोबाइलवर.

"आज परीक्षेच्या अर्जाचा शेवटचा दिवस. मूळ गुणपत्रिका दाखवायची आहे, आणि ती घरी कपाटात राहिली."

"कोंबडे आठवले गो तुका, गुणपत्रिका नाय!" आई कडाडली.

घर समोर दिसत होतं. अर्ज गेला नाही तर वर्ष जाणार. मी शहाणी उठले. "चावी द्या. मी कुठे तुमच्या गावची?"

"बसा, आजये. परतीचो कौल होईपर्यंत पावणोसुद्धा जाऊचो नाय." आईने अडवलं.

बसले. अशाच कोणी मुलीने माझ्या खिडकीशी "घरी अडचण होती" म्हटलं, तर मी लाल शाईने लिहायची: सबब अमान्य. अक्षर मात्र फार सुंदर हो!

शेवटी गुणपत्रिकेशिवायच, त्याच रिक्षाने आम्ही दोघी प्रणालीच्या कॉलेजात गेलो. खिडकीत पंचविशीची मुलगी, ओढणीला कडक इस्त्री.

"मूळ प्रतीशिवाय अर्ज घेता येत नाही."

"निकालाचं रजिस्टर तुमच्याच कपाटात आहे ना?" मी म्हटलं. "गुण त्यातून पडताळा. मूळ प्रतीसाठी हमीपत्र घ्या."

"आपण कोण?"

"तुमच्याच जातकुळीची. निवृत्त."

ती हसली नाही. पण उठली, साहेबांना विचारून आली, रजिस्टर काढलं. पान सापडेपर्यंत प्रणालीने खिडकीची कड घट्ट धरून ठेवली होती.

"हमीपत्रात कारण लिही. घरगुती अडचण," खिडकीतून सूचना आली.

"अडचण नाही मॅडम," प्रणाली म्हणाली. "गावपळण आहे."

खिडकीतल्या मुलीने शिक्का उचलला. "मग तेच लिही." अर्जावर शिक्का बसला.

परतीच्या गाडीत मी प्रश्नावली काढली. 'आपण शिक्षण का सोडले?' हा पहिला प्रश्न खोडून लिहिलं, 'अर्ज परत करताना आपण काय विचारले होते?' हा प्रश्न मुलींना नाही, खिडकीच्या आतल्यांना. पहिली मुलाखत अर्थातच माझी.